निवडून टाकलेला तांदूळ

मागच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या बुधवारी तालुक्याच्या रुग्णालयात माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.६ निघालं. तिला सहावा महिना सरत आला होता आणि हे तिचं पहिलंच बाळंतपण होतं.

त्या दिवशी मी सुट्टी घेऊन बरोबर गेलो होतो, त्यामुळे तिथलं बोलणं मी स्वतः ऐकलेलं आहे. पुढे लिहिलं आहे त्यातलं काही मी पाहिलं, काही आईला, बहिणीला आणि गावातल्या आशाताईंना नंतर विचारून घेतलं. जिथे आईच्या आणि बहिणीच्या सांगण्यात फरक पडला, तिथे आशाताईंची वही पाहिली.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि बहिणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाल्या, "एवढ्या रक्तावर मी तुझं बाळंतपण इथे करणार नाही. इथे रक्त साठवायची सोय नाही. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. तुझ्याकडे जायला शिल्लक काय आहे?"

बहीण म्हणाली, "मग कुठे जायचं?"

"नवव्या महिन्यात दहा दाखव, मग इथेच. नाही तर तारखेच्या पंधरा दिवस आधी अलिबागला जाऊन राहायचं. कळा सुरू झाल्यावर निघायचं नाही."

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून सहा किलोमीटरवर आहे. अलिबागला जायचं तर दिघीला जेटीवर जायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूड, रेवदंडा करत पुढे. सगळं वेळेवर मिळालं तर तीन तास. समुद्र खवळला की फेरीबोट बंद होते आणि म्हसळा, माणगाव असा वळसा घ्यावा लागतो. मी अलिबागला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करतो आणि शनिवारी याच रस्त्याने घरी येतो. अलिबागची माझी खोली आम्हा तिघा सहकाऱ्यांत एक आहे. बहिणीचा नवरा उरणला ट्रेलर चालवतो. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावर असतो. म्हणून ती माहेरी आली होती. वडील शिक्षक होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात आई एकटी.

परतीच्या रिक्षात बोर्लीचा बाजार ओलांडल्यावर आई म्हणाली, "माझ्या घरात काय उपाशी हाय ती?"

बहीण म्हणाली, "तसं कोण म्हणालं, आई?"

"ती बाई म्हणाली. तोंडाने न्हाय म्हणाली. पापणी ओढून म्हणाली."

पुढचे दोन दिवस मी घरी होतो. बहीण काय खाते ते मी लिहून काढलं. सकाळी चहा आणि बटर. दुपारी भात, वरण किंवा माशाची आमटी. चारला चहा. रात्री भात आणि जे असेल ते. जूनमध्ये मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी नव्हती. माळ्यावर सुका जवळा होता, पण तो आई तिला देत नव्हती, कारण जवळा गरम. कुळथाची पिठी गरम. शेवग्याचा पाला गरम. नाचणी चालते, पण तिला आवडत नाही. अंडं गरम, तरी आठवड्यातून एकदा.

बहिणीने विचारलं, "मग उरलं काय? पाणी?"

आई म्हणाली, "तेपण कोमट."

लोहाच्या गोळ्या तिला उरणलाच मिळाल्या होत्या. त्या ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची. शौचाला काळं झालं म्हणून घाबरून, घ्यायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने त्या सोडल्या. शिवाय सासूबाईंनी सांगितलं होतं की गोळ्यांनी मूल मोठं होतं आणि मग बाळंतपणात अडतं. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मलाही वहीत लिहिताना सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

आशाताई आमच्याच आळीतल्या. गरोदर बायकांच्या नोंदी, लसी, गोळ्या हे त्यांचं काम. त्यांनी बहिणीला समजावलं: काळं होणारच, घाबरायचं नाही, गोळी जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा आणि गोळी यांच्यामध्ये निदान दोन तास. बहिणीने महिनाभर ते पाळलं. आशाताई दर दोन दिवसांनी येऊन गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून जात. बहीण त्यांना म्हणायची, "मावशी, जीभ दाखवू का?" त्या म्हणायच्या, "दाखव. शाळेत असताना तू कवितासुद्धा पाठ न करता पाठ केल्याचं सांगायचीस."

जुलैच्या मध्यात पुन्हा तपासलं. ७.९.

डॉक्टरबाईंनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. एक दिवसाआड, पाच वेळा. आणि आशाताईंना सांगितलं, "हिच्या घरी स्वयंपाक चालू असताना जाऊन बस. काय शिजतं ते बघ, आणि शिजायच्या आधी काय होतं तेही बघ."

आशाताई आल्या तो शनिवार होता आणि मी घरी होतो. आई पडवीत सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडण्यात आईचा हात गावात माहीत आहे. वैशाखी पौर्णिमेला विहारात जी खीर वाटतात, तिचा तांदूळ दरवर्षी आमच्या घरी येतो आणि आईच तो निवडते. त्या दिवशी खडे नव्हतेच. तरी तिच्या उजव्या गुडघ्याजवळ स्टीलच्या वाटीत काही दाणे वेगळे काढलेले होते. बाकीच्या तांदळापेक्षा जरा पिवळट, सगळे एका मापाचे.

आशाताईंनी वाटी उचलली. "वहिनी, हे काय काढून ठेवलंत?"

"प्लास्टिक."

"कसलं प्लास्टिक?"

"रेशनच्या तांदळातलं. मिसळतात. तू आशा असून तुला ठाऊक न्हाय?"

आशाताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "वहिनी, ह्यात लोह असतं. तांदळाच्या पिठात औषध कालवून त्याचे दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांत एक असा मिसळतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हातात देऊन दाखवलाय. फेकून कुठे देता?"

"मागे आळवात."

दारात उभी असलेली बहीण म्हणाली, "म्हणूनच अळू एवढं माजलंय."

आई हसली नाही. ती आशाताईंना म्हणाली, "पेपरात आलंय."

"कुठल्या पेपरात?"

आईने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ह्याच्या."

ती उठून आत गेली. वडिलांच्या पेन्शनचे कागद ज्या डब्यात आहेत, त्यातून तिने एक कात्रण आणलं आणि आशाताईंच्या हातात दिलं. मथळा होता: रेशनच्या तांदळात प्लास्टिक? ग्रामस्थांमध्ये संभ्रम.

बातमी मीच दिली होती, तीन वर्षांपूर्वी. तळा तालुक्यातल्या एका गावचे काही लोक ओंजळभर दाणे कागदाच्या पुडीत बांधून तहसील कार्यालयात आले होते. दाणे पाण्यावर तरंगतात, शिजल्यावर वेगळे लागतात, अशी त्यांची तक्रार होती. मी तिथे होतो. लोकांचं म्हणणं लिहिलं, पुडीचा फोटो घेतला. पुरवठा खात्याचा अधिकारी त्या दिवशी जागेवर नव्हता, हेही लिहिलं. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह डेस्कने दिलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याचा खुलासा मिळाला: हा पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ आहे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा जीवनसत्त्व मिसळलेलं आहे. तो पाचव्या पानावर खाली चार ओळींत गेला. पहिली बातमी पहिल्या पानावर होती. तिच्यावर माझं नाव नव्हतं, "आमच्या प्रतिनिधीकडून" असं होतं. पण मी घरी फोन करून सांगितलं होतं. आईने ती कापून ठेवली. खुलासा तिने पाहिला नव्हता. मी त्याबद्दल फोन केला नव्हता.

आईने विचारलं, "हे तू लिहिलंस ते खोटं हाय का?"

मी म्हणालो, "लोकांनी तक्रार केली, हे खरं होतं. प्लास्टिक आहे असं मी लिहिलं नव्हतं. पुढे प्रश्नचिन्ह आहे."

"प्रश्नचिन्ह मी बघितलं. मग काय करायचं होतं? प्रश्न सुटेपर्यंत पोरांना खायला घालायचं?"

मी खुलाशाचं सांगितलं.

"तो का न्हाय दाखवलास?"

"राहून गेलं."

"तीन वर्षं?"

आशाताई मधे पडल्या. त्यांनी आईकडून एक वाटी पाणी मागून घेतलं आणि वेगळे काढलेले दाणे त्यात टाकले. बरेचसे वर तरंगले. आई म्हणाली, "बघ." आशाताई म्हणाल्या, "थांबा जरा. तोवर चहा करा. मला चालतो, तुमच्या लेकीला नको." दोन तासांनी दाणे फुगून खाली बसले होते. आशाताईंनी एक बोटांत धरून चुरला. त्याचं पीठ झालं. मग आईने एक घेतला, चुरला, वास घेतला, जिभेला लावला. दुसरा घेतला. वाटीतले सगळे दाणे तिने एक एक करून चुरून पाहिले.

शेवटी ती म्हणाली, "भाताचाच वास येतो."

पूर्वी आमच्या घरी रेशनचा तांदूळ कमीच लागायचा. अर्ध्या एकराचं भातशेत होतं, होळीपर्यंत घरचं पुरायचं. वडील गेल्यावर लावणीला माणसं मिळेनात, शेत पडीक राहिलं. तेव्हापासून बारा महिने रेशन. बहिणीचं लग्न त्यानंतरचं. ती उरणलाही रेशनचाच तांदूळ खायची आणि फोनवर आईने सांगितल्याप्रमाणे वेचून टाकायची. म्हणजे दोन घरांत ते दाणे बाहेर जात होते. आळीत किती घरांत जात होते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. ज्यांची नजर अधू, त्यांचा तांदूळ ती स्वतः निवडून देत होती.

रविवारी आई आशाताईंबरोबर रेशन दुकानात गेली. दुकानदार पोतं फोडून माप घालतो आणि लोक आपापल्या पिशवीत नेतात, त्यामुळे पोत्यावर काय छापलं आहे हे कोणी वाचत नाही. आईने पोतं उलटं करायला लावलं आणि '+F' या खुणेखालचा, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळल्याचा छापील मजकूर मोठ्याने वाचला. ती सातवीपर्यंत शिकली आहे. दुकानदार म्हणाला, "मी तीन वर्षं सांगतोय, कोण ऐकतंय?" आई म्हणाली, "तू पेपरात न्हाय सांगितलंस."

सोमवारी पहिलं इंजेक्शन होतं. मी त्या दिवसाची रजा घेतली आणि डॉक्टरबाईंना तांदळाचं विचारलं. त्यांचं उत्तर मी त्यांच्यासमोर लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "नुसत्या त्या दाण्यांनी हिचं रक्त भरून निघालं असतं, असं मी म्हणणार नाही. गोळ्या सोडल्या, चहाबरोबर घेतल्या, पाला आणि कडधान्यं बंद केली. कारणं बरीच आहेत. पण रोज दोन वेळा ताटात जे थोडंथोडं येत होतं, तेही तुम्ही हाताने काढून टाकत होतात. आणि ते फक्त हिच्याच ताटातून नाही." मग त्या आईकडे वळल्या. "तुमचं कधी तपासलंय?"

आई म्हणाली, "मला काय झालंय? मी धडधाकट हाय."

"विहाराच्या पायऱ्या चढताना धाप लागते का?"

"ती वयाने लागते."

आईचं हिमोग्लोबिन ८.८ निघालं. तिचं वय बावन्न आहे.

जेवणाचं काय करायचं ते तिथेच ठरलं. डॉक्टरबाई कुळीथ, जवळा, शेवग्याचा पाला, अंडं खायला सांगत होत्या आणि आई प्रत्येकाला "गरम" म्हणत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं, पपई नको. ती तुमच्या शब्दाखातर सोडली. बाकी सगळं माझ्या शब्दाखातर." आईने थोडा विचार केला आणि विचारलं, "पिठीत आमसूल घातलं तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाला. नाही तर वरून लिंबू पिळा. आंबटाने लोह चांगलं लागू पडतं." आईला हे पटलं. आमसूल थंड असतं.

त्या आठवड्यापासून घरात कुळथाची पिठी झाली. पाऊस असल्यामुळे कुंपणाला टाकळा माजला होता. त्याची भाजी जवळा घालून होऊ लागली. शेवग्याच्या डहाळ्या शेजारून आल्या. बहिणीचा सकाळचा चहा सुटला, फक्त दुपारी चारचा राहिला. तिने आठवड्याने फोनवर मला सांगितलं, "दादा, आता मी गरम इतकं खाल्लंय की बाळ तापलेलंच येणार."

विहारात दर रविवारी बायका जमतात. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर आई उभी राहिली. तिथे मी नव्हतो. आशाताईंनी सांगितलं ते असं. आई म्हणाली, की ते दाणे प्लास्टिक नाहीत, औषधाचे आहेत, वेचू नका, तांदूळही एकदाच धुवा. खाली बसलेल्या एका शेजारणीने विचारलं, "आधी डोळे फोडून निवडायला लावलंस, आता म्हणतेस खा. उद्या काय सांगशील?" आई म्हणाली, "डोळे माझेपण फुटले. माझं रक्त आठावर हाय, हा कागद बघ. तुझं किती हाय ते तुला तरी ठाऊक हाय का?" शेजारीण म्हणाली, "न्हाय." आई म्हणाली, "मग गुरुवारी नर्स येणार हाय. तू पहिली." गुरुवारी विहाराच्या ओट्यावर तपासणी झाली. आशाताईंच्या वहीत त्या शेजारणीचा क्रमांक पहिला आहे.

आईने मलाही एक काम दिलं. म्हणाली, "जेवढ्या जागेत ते लिहिलंस तेवढ्याच जागेत हे लिही. आणि त्याच पानावर." मी संपादकांना सगळं सांगितलं. पहिल्या पानाचं आश्वासन देत नाही, असं ते म्हणाले. बातमी तिसऱ्या पानावर आली, पोत्यावरच्या खुणेच्या फोटोसकट. शब्द पहिल्या बातमीपेक्षा वीसने जास्त होते. त्यात मागच्या बातमीचा उल्लेख होता. या वेळी फोटोखाली माझं नाव होतं. ते मी मागून घेतलं होतं. आईने फोनवर विचारलं, "तिसऱ्या पानावर का?" मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पाचव्याहून तिसरं बरं."

पाच इंजेक्शनं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपली. तिसऱ्यानंतर बहिणीला ताप आला म्हणून चौथं चार दिवस पुढे गेलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस ती ९.४ वर होती. जेटीवर आता ताजी मासळी येऊ लागली होती. आई स्वतःही गोळ्या घेत होती. त्या तिला पचत नव्हत्या, पोटात मळमळायचं. बहीण तिच्या हातात लिंबूपाण्याचा पेला द्यायची आणि समोर उभी राहायची. आई म्हणायची, "जा, घेते मी." बहीण म्हणायची, "जीभ दाखव."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीचं हिमोग्लोबिन १०.३ आलं. डॉक्टरबाईंनी तिच्या कार्डावर बाळंतपणाच्या जागेसमोर "येथेच" असं लिहिलं. खाली कंसात अलिबागच्या रुग्णवाहिकेचा नंबर लिहिला आणि आईला म्हणाल्या, "हा असू दे. दहा म्हणजे पुष्कळ नाही."

नंतर नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी सात वाजता तिला कळा सुरू झाल्या. आदल्या दिवसापासून वारं होतं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा होता आणि दिघीची फेरीबोट बंद होती. आशाताईंनी रिक्षा आणली. साडेआठला त्या तिघी रुग्णालयात पोहोचल्या. आईने मला फोन केला तेव्हा मी अलिबागच्या कार्यालयात होतो. फेरी बंद असल्यामुळे मी माणगावमार्गे निघालो. वाटेत म्हसळ्याच्या अलीकडे दरड उचलण्याचं काम चालू होतं, तिथे एक तास गेला. बहिणीचा नवरा गुजरातेत होता. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला.

रुग्णालयात मी संध्याकाळी पाच वाजता पोहोचलो. आई बाकावर बसली होती. म्हणाली, "झाली. दोन चाळीसला. पोरगी हाय."

"आणि ती?"

"जेवली. भात मागत होती."

डॉक्टरबाई दोनदा येऊन गेल्या होत्या, असं आईने सांगितलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बहिणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेल्या. आई म्हणाली, "काही बोलली न्हाय म्हणजे बरं असणार."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोघींना घरी सोडलं. सुट्टीच्या कागदावर नोंदी आहेत: प्रसूती नैसर्गिक. मुलगी, वजन दोन किलो सातशे ग्रॅम. बाळंतिणीचं हिमोग्लोबिन ९.७. गोळ्या सहा महिने चालू ठेवणे. रक्त: द्यावे लागले नाही.